सोशल नंबर नाही, खातं नाही, डब्यात अकरा हजार डॉलर: टेक्सास बॉर्डरवरच्या कुटुंबाला बँकेपर्यंत कसं न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅकॅलनला राहणाऱ्या एका मराठी ताईंकडे एक मेक्सिकन बाई साफसफाईला येतात. त्यांचा नवरा रूफिंगचं काम करतो, दोघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख नंबर, पुढे नुसतं सोशल नंबर म्हणतो) नाही, दोन मुलं मात्र इथेच जन्मलेली. घरात डब्यात जवळपास अकरा हजार डॉलर कॅश आहे. यांचं खातं निघेल का, काढणं धोक्याचं आहे का, आणि तोवर ते पैसे ताईंनी आपल्या खात्यात ठेवले तर चालेल का, असं विचारलंय.

मी या रिओ ग्रांदे व्हॅलीत आधी एका क्रेडिट युनियनमध्ये आणि आता एका संस्थेत हेच काम करतो, त्याच्याही आधी सातारा भागात पतसंस्थेत होतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, खातं निघतं. आपल्याकडच्याच बऱ्याच शिकलेल्या लोकांना वाटतं की सोशल नंबर नाही म्हणजे विषय संपला, तसं अजिबात नाहीये. २००१ च्या पेट्रियट अ‍ॅक्टमध्ये ग्राहकाची ओळख पटवण्याचं कलम आलं आणि २००३ मध्ये त्याचे नियम आले, त्यात जो अमेरिकन नागरिक नाही त्याच्यासाठी स्पष्ट लिहिलंय की टॅक्स नंबर किंवा पासपोर्ट नंबर आणि देश किंवा सरकारने दिलेलं, फोटो असलेलं, नागरिकत्व किंवा राहण्याचं ठिकाण दाखवणारं दुसरं कागदपत्र, यातलं एक चालतं. मेक्सिकन कॉन्सुलेट जे ओळखपत्र देतं, मात्रीकुला म्हणतात त्याला, ते काही मोठ्या बँका २००१ पासून घेतायत. मॅकॅलनलाच कॉन्सुलेट आहे आणि ब्राउन्सविललाही आहे, हे फार महत्त्वाचंय, कारण उत्तरेला जायच्या रस्त्यावर फालफुरियसला बॉर्डर पेट्रोलचा चेकपॉइंट आहे आणि इथे राहायचे कायदेशीर कागद नसलेली माणसं त्याच्या पलीकडे जातच नाहीत, कित्येकांनी सॅन अँटोनिओ बघितलेलंसुद्धा नाही. दक्षिणेला नदी, उत्तरेला चेकपॉइंट, मधल्या पट्ट्यात सगळं आयुष्य. म्हणून कागद कुठला मागायचा याच्या इतकंच तो याच पट्ट्यात मिळतो का हेही बघावं लागतं.

पण (हा पण मोठाय) नियम बँकेला परवानगी देतो, सक्ती करत नाही. एकाच बँकेच्या दोन शाखांमध्ये दोन उत्तरं मिळतात, एकीकडे नवीन मुलगी काउंटरवर असते तिला मात्रीकुला माहीत नसतं आणि ती सरळ नाही म्हणते, मग ती बाई घरी जाऊन सगळ्या गल्लीला सांगते की बँक आपल्याला घेत नाही आणि पुढची पाच वर्षं त्या गल्लीतून कुणी येत नाही. म्हणून त्यांना नेण्याआधी तुम्ही फोन करा. विचारायचं एवढंच की आयटिन (सोशल नंबर नसलेल्यांना मिळणारा टॅक्स नंबर) किंवा सोशल नंबर नसताना पासपोर्ट किंवा मात्रीकुलावर चेकिंग खातं (रोजच्या व्यवहाराचं खातं) काढता का, पत्त्यासाठी काय लागतं, दुसरा पुरावा लागतो का, आणि त्या दिवशी काउंटरवर ते काम येणारं स्पॅनिश बोलणारं माणूस कोण असेल. नाव घेऊन ठेवा, वेळ ठरवा, मग जा. शक्यतो क्रेडिट युनियनला आधी फोन करा. आपल्या पतसंस्थेसारखंच सभासदांचं प्रकरण आहे, शिवाय २,५०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवीला सरकारी विमा असतो, जो आपल्या पतसंस्थांना नाही आणि तो नसल्याचं दुःख किती असतं ते मी साताऱ्यात जवळून बघितलंय.

खात्याचा प्रकारही बघा. बँक ऑन नावाचं एक प्रमाणपत्र आहे, त्या खात्यांना सुरुवातीला २५ डॉलरच्या वर मागता येत नाहीत, महिन्याची फी साधारण ५ डॉलरपर्यंत, आणि सगळ्यात भारी म्हणजे ओव्हरड्राफ्टची फी नाही. हे शेवटचं का महत्त्वाचं, तर ज्यांचं पूर्वी खातं होतं आणि आता नाही अशी माणसं खूप भेटतात, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट एकच असते, खात्यात चार डॉलर कमी पडले, त्यावर पस्तीस डॉलर दंड, मग दंडावर दंड, मग खातं बंद आणि नाव चेक्ससिस्टम्समध्ये, म्हणजे अशा बंद खात्यांची माहिती बँकांना देणाऱ्या यादीत, तिथे ते पाच वर्षं राहतं आणि दुसरी बँक दारातच थांबवते. बँकठेवींचा विमा बघणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेत ४.२ टक्के घरांमध्ये कुणाचंच बँक खातं नव्हतं, हिस्पॅनिक घरांमध्ये हेच प्रमाण ९.५ टक्के. आणि कारण विचारलं तर सगळ्यात वर होतं किमान शिल्लक ठेवायला पैसे नाहीत, त्याखाली बँकांवर विश्वास नाही. अज्ञान वगैरे नाही. लोकांना बँक काय असते ते चांगलं माहितीय, म्हणूनच जात नाहीत.

आता माझं खरं म्हणणं. खात्यापासून सुरुवात करू नका. आपल्याकडे २०१४ मध्ये जनधन सुरू झालं तेव्हा शिबिरं लावून लावून खाती काढली, पासबुकं वाटली, त्यातली किती खाती नंतर हललीच नाहीत हे बँकेत काम केलेल्या कुणालाही विचारा. इथेही तसंच होतं, संस्थांना फंडिंग मिळतं ते खात्यांच्या आकड्यावर, मग आकडा होतो आणि बाईंचे पैसे डब्यातच राहतात. त्यापेक्षा बाईंशी एकदा निवांत बसा आणि मागच्या आठवड्यात पैसे कुठून आले कुठे गेले एवढंच कागदावर काढा. नवऱ्याला चेक मिळतो का कॅश, तो चेक कुठे वटवतात, भाडं कसं देतात, मेक्सिकोत कुणाला किती आणि कुठून पाठवतात. गळती कुठे आहे ते त्या कागदावर दिसतं आणि बाईंनाच आधी दिसतं, तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

हिशोब करून दाखवा. समजा नवऱ्याचा आठवड्याचा चेक ६०० डॉलरचा आहे आणि कोपऱ्यावरचा चेक वटवणारा २ टक्के घेतो, आठवड्याला १२, वर्षाला ६२४ डॉलर. भाड्यासाठी मनी ऑर्डर घेतात त्याचे वेगळे. मग पैसे पाठवताना "फी शून्य" असा बोर्ड बघून जिथे जातात तिथे भाव मारलेला असतो: समजा खरा दर डॉलरला १८.५० पेसो आहे आणि दुकानदार १८.०५ देतोय, ३०० डॉलरमागे १३५ पेसो गेले, म्हणजे सात डॉलरच्या वर, आणि बोर्ड म्हणतोय फी शून्य. २०१३ पासून नियम आहे की पैसे पाठवण्याआधी कंपनीने दर, फी आणि पलीकडे नक्की किती मिळणार हे सांगितलंच पाहिजे, आणि सहसा पैसे भरल्यापासून अर्ध्या तासात कॅन्सल करता येतं जर पलीकडच्याने उचलले नसतील तर. हे अर्ध्या तासाचं कुणालाच माहीत नसतं. बाईंना एवढंच शिकवा की फी विचारू नकोस, विचार की आईच्या हातात किती पेसो पडतील, आणि हेच तीन ठिकाणी विचार. याला खातंसुद्धा लागत नाही, आणि पहिल्याच महिन्यात पैसे वाचले की तुमच्या पुढच्या बोलण्याला वजन येतं.

आणि आता खात्याला एक नवीन, अगदी रोकडं कारण आलंय. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून बाहेर पैसे पाठवताना कॅश, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवले तर १ टक्का टॅक्स लागतो, पण बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट कार्डाने पाठवले तर लागत नाही. म्हणजे आपली मंडळी पुण्याला आईवडिलांना खात्यातून पाठवतात त्यांना एक पैसा नाही आणि काउंटरवर नोटा मोजणाऱ्या बाईंना ४०० डॉलरमागे ४. रक्कम लहान आहे, पण ज्याच्याकडे खातं नाही त्याच्याकडूनच घ्यायचं हे मला तरी पटत नाही. असो, समजावताना मात्र हा मुद्दा फार कामाला येतो, कारण "बचत करा, भविष्य घडवा" असलं काही ऐकून आजवर कुणी खातं काढलेलं मी पाहिलं नाही, चार डॉलर वाचतात म्हटलं की लगेच विचारतात कुठे जायचं.

आता ते अकरा हजार. हा भाग नीट वाचा कारण इथे भलेभले फसतात. १०,००० डॉलरच्या वर कॅश भरली की बँक एक फॉर्म भरून सरकारला पाठवते, हा १९७० च्या कायद्यातला नियम आहे आणि तो सगळ्यांना आहे, टॅको ट्रकवाल्यालाही आणि गाड्यांच्या डीलरलाही. रोज हजारो जातात, कुणी त्यासाठी दार ठोठावत नाही. पण हे कुणीतरी अर्धवट सांगतं आणि मग लोक हुशारी करतात, आज चार हजार, परवा चार, पुढच्या आठवड्यात तीन. हे फॉर्म टाळण्यासाठी तुकडे करणं हाच गुन्हा आहे, पैसे अगदी घामाचे असले तरी. म्हणजे सरळ सगळे भरले तर काही नाही आणि भीतीने तुकडे केले तर फेडरल गुन्हा. त्यामुळे बाईंना भरायचेच असतील तर एकदम भरू द्या, फॉर्ममध्ये नाव, पत्ता, कामधंदा विचारतील, खरं सांगायचं, घरं साफ करते, नवरा छपरं बसवतो, सात वर्षांत साठवले, बस. अर्धे घरात ठेवायचे असतील तर तेही ठीक, पैसे त्यांचे आहेत, फक्त फॉर्म चुकवायचा म्हणून नको. आणि तुम्ही "थोडे थोडे भरा" असा सल्ला चुकूनही देऊ नका, तुम्हीही त्यात येता.

बॉर्डरवर यात आणखी एक गंमत झाली. मार्च २०२५ मध्ये ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाने कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या सीमेवरच्या ३० पिनकोडसाठी आदेश काढला की चेक वटवणारी, पैसे पाठवणारी दुकानं २०० डॉलरच्या वरच्या कॅश व्यवहारालासुद्धा तोच रिपोर्ट भरतील, मॅकॅलन जिच्यात येतं ती आपली हिडाल्गो कौंटीही त्यात होती. कोर्टात आव्हानं झाली, सप्टेंबरमध्ये मर्यादा १,००० केली. हे सगळं दुकानांना, बँकेला मर्यादा तीच जुनी १०,००० ची. म्हणजे जी बाई बँकेत नाव जाईल म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जायची, तिचं नाव बँकेपेक्षा दुकानातूनच लवकर गेलं! हे ऐकून माझ्यासमोर एक आजी जोरात हसल्या होत्या.

भीतीबद्दल सरळ बोलतो. बँक सहसा इमिग्रेशन स्टेटस विचारत नाही आणि काउंटरवरून कुणी आइसला (इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याला) फोन करत नाही. पण कायदेशीर समन्स आलं तर बँकेला माहिती द्यावी लागते, त्यामुळे "काहीही होणार नाही, मी आहे ना" असं कुणालाही म्हणू नका. जाण्यायेण्याचाच धोका बऱ्याचदा जास्त असतो, टेक्सासमध्ये कागद नसलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही, त्यामुळे शहराच्या पलीकडच्या टोकाची छान शाखा काय कामाची, घराजवळची, नाहीतर ज्या दुकानात तशाही जातात त्याच्या शेजारची बघा.

आयटिनचा विषय वेगळा, तिथे माझं मत गेल्या वर्षी बदललं. आयटिन म्हणजे सोशल नंबर नसलेल्यांना आयआरएस (इथलं टॅक्स खातं) देतं तो ९ ने सुरू होणारा टॅक्स नंबर, १९९६ पासून आहे, डब्ल्यू-७ फॉर्म, सहसा टॅक्स रिटर्नबरोबरच पाठवायचा, सलग तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर मुदत संपते. त्याने कामाचा परवाना मिळत नाही, पण व्याजाचं खातं, क्रेडिट कार्ड, काही क्रेडिट युनियनमध्ये घराचं कर्ज, असं बरंच उघडतं आणि टॅक्स भरल्याचा कागदोपत्री इतिहास राहतो. पूर्वी मी प्रत्येकाला डोळे झाकून काढा म्हणायचो कारण टॅक्सची माहिती गोपनीय ठेवायचा कायदा कडक होता. एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस आणि इमिग्रेशन खात्यात माहिती देण्याचा करार झाला, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आता माझा सल्ला असा: ज्यांच्याकडे आयटिन आधीपासून आहे त्यांनी भीतीने टॅक्स भरणं थांबवू नये, त्यांचा पत्ता तसाही तिथे आहे. ज्यांनी अजून काढलेलाच नाही त्यांनी आधी इमिग्रेशन वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या संस्थेतल्या प्रतिनिधीशी बोलावं, मग ठरवावं. नुसत्या साध्या चेकिंग खात्यासाठी आयटिनची वाट बघायची गरज बऱ्याच ठिकाणी नसते. आणि काढायचाच ठरला तर मूळ पासपोर्ट पोस्टात टाकू नका, आयआरएसने मान्यता दिलेले एजंट असतात ते समोर बघून प्रमाणित करतात, व्हीटा नावाची फुकट टॅक्स केंद्रं असतात तिथे विचारा. रस्त्यावर "नोतारियो" पाटी लावून बसलेल्यांकडे अजिबात नको, मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा कायदेपंडित, इथे नुसता शिक्का मारणारा, आणि त्या पाटीच्या जोरावर लोकांचे हजारो डॉलर जातात.

बाईंची तान्दा असणारच, विचारून बघा. दहा जणी, दर आठवड्याला शंभर, पाळीपाळीने एकीला हजार, आपली भिशीच ती, तंतोतंत. आमच्या क्षेत्रातले काही उत्साही लोक ती बंद करून बँकेत आणा म्हणतात, मला हे मूर्खपणाचं वाटतं. तान्दा मोडत नाही कारण शेजारणीला तोंड दाखवायचं असतं, तेवढी वसुली कुठल्या बँकेची आहे सांगा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मिशन अ‍ॅसेट फंडाने हे बरोबर ओळखलं, त्यांनी अशीच बिनव्याजी मंडळं चालवली, फक्त लेखी करार केला आणि हप्ते क्रेडिट ब्युरोला कळवले, म्हणजे भिशीनेच क्रेडिट स्कोअर तयार झाला. तुमच्याजवळ तसं काही नसेल तर साधी युक्ती, तान्दाची पाळी आली की त्यातले दोनशे बँकेत अनामत ठेवून त्यावर मिळणारं सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड घ्यायचं, दर महिन्याला त्यावर फक्त फोनचं बिल टाकायचं आणि पूर्ण फेडायचं. दुसरं काही नाही.

घर कुठे आहे तेही विचारा. कोलोनियात (बॉर्डरलगतच्या, धड सोयी नसलेल्या गरीब वस्तीत) प्लॉट हप्त्याने घेतला असेल तर करारपत्र बघा, टेक्सासात वर्षानुवर्षं असे करार झाले की सगळे हप्ते फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच आणि दोन हप्ते चुकले की प्लॉट परत. १९९५ मध्ये कायदा आला पण कागद कौंटीत नोंदवलेलाच नसतो. कागद नोंदवलाय का आणि हप्त्याच्या पावत्या आहेत का हे बघून फुकट कायदा मदत केंद्रात पाठवा, हे काम तुमचं आमचं नाही, पण नुकसान डब्यातल्या अकरा हजारांपेक्षा मोठं होऊ शकतं.

काउंटरवर नेताना मुलाला दुभाष्या करू नका. दहा वर्षांचं पोर आईच्या कमाईचे आकडे इंग्रजीत सांगतंय आणि आई खाली बघतेय, हे चित्र इथे रोजचं आहे, आणि मग आई खरे प्रश्न विचारतच नाही. तुमचं स्पॅनिश कच्चं असेल तर बँकेचंच माणूस मागा, तुम्ही फक्त शेजारी बसा. खातं निघालं की त्याच बैठकीत दोन कामं उरकून घ्या. एक, मृत्यूनंतर पैसे कुणाला ते नाव नोंदवा आणि शक्य असेल तर विश्वासातल्या, कागद असलेल्या नातेवाइकाला जॉइंट करा, अर्थात त्यालाही पैसे काढता येतील हे नीट सांगून. दोन, ऑनलाइन लॉगिन तिथेच चालू करा. नवऱ्याला उद्या परत पाठवलं तरी खात्यातले पैसे त्याचेच राहतात, ते कुणी जप्त करत नाही, पण अडतं कुठे तर ओटीपीवर, कारण इथला प्रीपेड नंबर बंद पडतो आणि बँक कोड त्याच नंबरवर पाठवत राहते. म्हणून ईमेलवर किंवा अ‍ॅपवर कोड येईल अशी सोय आधीच करून ठेवायची.

राहिला तुमच्या खात्याचा प्रश्न. नको ताई. मन मोठं आहे तुमचं, पण नको. त्या पैशाचा विमा तुमच्या नावावर, व्याज तुमच्या टॅक्समध्ये, तुमच्यावर काही दावा लागला किंवा तुम्हाला काही झालं तर बाईंकडे दाखवायला एक कागद नाही, आणि अकरा हजार कॅश भरताना त्या फॉर्मवर तुम्ही काय लिहिणार, पैसे कुणाचे म्हणून? तुम्ही स्वतः व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर आणखीच नको. खातं निघेपर्यंतच्या एकदोन आठवड्यांसाठी डबाच बरा, फक्त तो स्वयंपाकघरातून हलवायला सांगा, चोर पहिल्यांदा तिथेच बघतात.